एस्किलस्टुनात मी खोटं बोललो

एस्किलस्टुना हे नाव मी स्वीडनला जाण्याच्या कितीतरी आधीपासून, जवळजवळ तीस वर्षं, रोज वाचत होतो. कॉव्हेंट्रीतल्या आमच्या कार फॅक्टरीच्या टूलरूममध्ये, जिथे हत्यारं आणि साचे बनायचे तिथे, माझ्या कपाटात एक लाकडी पेटी असायची. आत ओळीने पोलादाचे छोटे चौकोनी तुकडे, एकापेक्षा एक पातळ. स्लिप गेज म्हणायचो आम्ही त्यांना. एखाद्या जॉबचं, म्हणजे बनवलेल्या भागाचं, माप अगदी काटेकोर तपासायचं असलं की त्यातले दोन-तीन तुकडे निवडायचे, एकमेकांवर किंचित दाबून सरकवायचे, की ते असे चिकटायचे की हातात उचलले तरी सुटायचे नाहीत. गोंद नाही, चुंबक नाही, दोन्ही बाजू तेवढ्या सपाट, बस. पेटीच्या झाकणावर आतून, ते तुकडे जिथे बनायचे त्या स्वीडिश गावाचं नाव होतं. त्याचा उच्चार आमच्यात कोणालाच येत नव्हता. फोरमन एक करायचा, मी दुसरा.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात ॲप्रेंटिसशिप करून मी एकोणीसशे सत्तरच्या आसपास कॉव्हेंट्रीला आलो आणि त्या एकाच टूलरूममध्ये रिटायर झालो. रिटायर झालो म्हणजे फॅक्टरीच बंद झाली. दोन-तीन वर्षं ती तशीच उभी होती, मग पाडली.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या मुलीने स्वीडनची ट्रिप काढली. ती लंडनमध्ये प्रॉडक्ट डिझायनर आहे, किटलीचे दांडे, दाराची हँडलं असलं काहीतरी बनवते. तिला तिकडच्या जुन्या काचेच्या भट्ट्या, चिनी मातीचे कारखाने, लोखंडाच्या गिरण्या बघायच्या होत्या. आईला ती म्हणाली, तुम्ही पण चला ना, दहा दिवस. बायकोने लगेच होकार दिला. मी विचारलं, एस्किलस्टुना तुझ्या लिस्टमध्ये आहे का? ती म्हणाली, "हो, आहे. तुम्हाला कसा माहीत?" इंग्लंडमध्ये वाढल्याने तिच्या मराठीत बहुतेक शब्द पुल्लिंगीच असतात. मी पेटीचं सांगणार होतो, पण तिचा मोबाइल वाजला आणि ते राहून गेलं.

पहिले काही दिवस मी नुसता बघत होतो. मग हळूहळू मला ते बघवेनासं झालं. कुठल्याशा जंगलात एक लोखंडाचं गाव. तिथे पाण्यावर चालणारा दोनशे वर्षांपूर्वीचा घण अजून चालतो, पर्यटकांसाठी दिवसातून दोनदा. कामगारांच्या लाल रंगाच्या लाकडी घरांच्या रांगा तशाच, खिडक्यांत पांढरे पडदे, फुलांच्या कुंड्या. काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर बाक टाकलेले, शाळेची मुलं त्यावर बसून काच फुंकणाऱ्याला बघतायत, आणि तो माणूस कपाळावरचा घाम पुसून त्यांना नीट समजावून सांगतोय. मुलगी खूश होती. प्रत्येक ठिकाणी वहीत स्केचेस काढत होती. बायको म्हणत होती, "किती छान जपलंय हो यांनी सगळं." ती चौथ्यांदा तसं म्हणाली तेव्हा मी म्हटलं, यांच्या गावांवर महायुद्धात कॉव्हेंट्रीसारखे कधी बाँब पडले नाहीत, जपायला काय जातं? तिला ते पटलं नाही, आणि मलाही नाही. आमची फॅक्टरी काही बाँबने पडली नव्हती.

एस्किलस्टुनाला आम्ही सकाळच्या ट्रेनने पोचलो. नदीकाठी जुन्या लोहारांच्या झोपड्या आहेत, त्या बघितल्या, आणि मग मुलीने कुठूनतरी शोधून काढलेल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. ते काही मोठं म्युझियम नव्हतं. एका बंद पडलेल्या हत्यारांच्या कारखान्याचा एक मजला तेवढा कौन्सिलने राखून ठेवला होता आणि तिथे काम केलेले म्हातारे आठवड्यातून दोन दिवस येऊन मशिनं चालवत, आलेल्यांना कॉफी देत.

दार उघडल्याबरोबर मला वास आला. कटिंग ऑइल, गरम पोलाद, लाकडी फरशीत मुरलेलं ग्रीस. मी उंबऱ्यातच थांबलो. बायकोने मागून हळूच ढकललं तेव्हा आत गेलो.

आमच्याशी बोलायला जो पुढे आला तो साधारण माझ्याच वयाचा होता. उंच, जरा वाकलेला, कामावर घालायचा निळा बॉयलर सूट धुऊन धुऊन फिकट झालेला. इंग्लिश सावकाश पण स्वच्छ बोलायचा. त्याने आम्हाला थेट एका लेथपाशी नेलं आणि म्हणाला, हा माझा. मला वाटलं, आता तो हे मशीन सांभाळतो असं म्हणायचंय त्याला. तसं नव्हतं. सोळाव्या वर्षी त्याला हा लेथ दिला गेला होता आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्याने त्याच्यावरच काम केलं होतं. भिंतीवर त्याच्या नंबरची खुंटी होती. त्यावर त्याचा कोट टांगलेला. खिडकीत त्याचा मग.

त्याने लेथ सुरू केला. पितळेचा एक तुकडा लावला, टूल पुढे घेतलं, आणि पितळेची सोनेरी चूर उडायला लागली. हात चांगला होता त्याचा. मी खोट काढायला बघत होतो आणि मला ती सापडत नव्हती.

मग मुलीने वही उघडली.

मला वाटलं होतं ती दोन-चार प्रश्न विचारेल. ती तासभर विचारत होती. टूल बोथट झालंय हे तुम्हाला कसं कळायचं? तो म्हणाला, आवाजावरून. दिवसभर उभं राहून पाय दुखायचे का? पायाखाली काय घालायचात? पहिला जॉब खराब झाला तेव्हा कोण काय बोललं? शेजारच्या मशिनवर कोण असायचं? तो प्रत्येक प्रश्नाला थांबून, आठवून उत्तर देत होता, आणि ती मान खाली घालून लिहीत होती. मध्येच तिने लेथच्या हँडलवर बोटं ठेवली. लाकडी मूठ होती ती, एका बाजूला झिजून खोलगट झालेली. ती त्याला म्हणाली, या मुठीला तुमच्या हाताचा आकार आलाय, असलं हँडल कुठलाच डिझायनर बनवू शकणार नाही. म्हातारा हसला, आणि तिने त्याला ती मूठ धरायला लावून त्याच्या हाताचं स्केच काढलं.

मी तीन फुटांवर उभा होतो. माझे हात पँटच्या खिशात होते.

मत्सर म्हणजे काय ते मला तोपर्यंत माहीत होतं असं मी समजत होतो. शेजाऱ्याला प्रमोशन मिळालं, भावाने पुण्यात बंगला बांधला, तेव्हा थोडं खुपतं, दोन दिवसांत जातं. हे तसलं नव्हतं. पोटात कोणीतरी लेथचा चक, जॉब पकडणारा जबडा, आवळत जावा तसं ते घट्ट होत होतं. टूल बोथट झालं की आवाज बदलतो हे मला माहीत होतं. माझ्याही लेथची मूठ झिजली होती, अंगठ्याखाली, जरा तिरकी. ती मूठ भंगारात गेली. आणि ही माझी मुलगी, माझ्या घरात वाढलेली, तिने मला एवढ्या वर्षांत यातला एक प्रश्न विचारला नव्हता. शाळेत असताना निबंधासाठी विचारलं होतं, बाबा, तुमच्या जॉबचं नाव काय? मी सांगितलं, टूलमेकर. तिने स्पेलिंग विचारलं आणि ती वर आपल्या खोलीत गेली.

कॉफी आणि दालचिनीचे गोड पाव आले. आम्ही एका बाकावर बसलो. बायकोने, मला बरं वाटावं म्हणूनच असेल, त्या गृहस्थाला सांगितलं की माझे मिस्टरसुद्धा हेच काम करायचे, कॉव्हेंट्रीत. त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली, कुठला लेथ, किती वर्षं, काय बनवायचो, सगळं विचारलं. मी तुटक उत्तरं दिली. मग त्याने विचारलं, "आणि तुमचं वर्कशॉप? ते राखलंय का?"

मी म्हणालो, "हो. राखलंय."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मुलीचं पेन थांबलं.

तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे बोलत गेलो. टूलरूम जशीच्या तशी ठेवली आहे, म्हणालो. माझा लेथ आहे, कपाट आहे, स्लिप गेजची पेटी आहे. शनिवारी आम्ही जुने लोक जातो, मशिनं चालवतो, शाळेची मुलं येतात. गेटवरचं घड्याळसुद्धा अजून चालतं. हे सगळं मी इतक्या सहज सांगितलं की सांगताना मला ते दिसत होतं.

म्हाताऱ्याने माझा हात हातात घेतला. फार बरं झालं, म्हणाला. इंग्लंडमध्ये सगळं पाडलं असं ऐकून होतो. त्याच्या बायकोला कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल बघायची कित्येक वर्षांची इच्छा होती, त्यामुळे आता आम्ही नक्की येऊ, म्हणाला. आणि त्याने एका कागदावर पत्ता लिहून दिला, माझ्या नव्हे, मुलीच्या हातात.

आम्ही परतीच्या ट्रेनमध्ये बसलो. मग बायको हळू आवाजात म्हणाली, "अहो, कशाला?" मुलगी समोर बसली होती. ती म्हणाली, "बाबा, तुमचा फॅक्टरी पाडला तेव्हा मी कुठे होते?"

"कार्डिफला. युनिव्हर्सिटीत. तुझं फायनल प्रोजेक्ट चाललं होतं."

"मला सांगितला नाही तुम्ही."

"तू विचारलं नाहीस," मी म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला, खरं सांगायचं तर, जरा बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज मला स्टॉकहोम आल्यानंतर वाटली.

एक गोष्ट तेव्हा मी दोघींनाही सांगितली नाही. फॅक्टरी पाडत होते ते तिन्ही दिवस मी तिथे कुंपणाबाहेर उभा होतो. फ्लास्कमध्ये चहा घेऊन जायचो. घरी सांगायचो, लायब्ररीत जातोय.

पुढे सात-आठ महिने गेले. मी तो विषय विसरलो नव्हतो, पण बाकीचे विसरले असावेत असं धरून चाललो होतो. एका रविवारी मुलगी घरी आली होती, वरणफळं खाता खाता म्हणाली की ते दोघं मे महिन्यात येतायत. कोण दोघं, मी विचारलं, जसं काही मला कळलंच नव्हतं. तेव्हा समजलं की ती त्या म्हाताऱ्याशी ईमेलवर बोलत असते. स्वीडनहून आल्यापासून. त्याने तिला जुन्या ड्रॉइंग्जचे फोटो पाठवले होते, तिने त्याला आपल्या किटलीचे. एका हँडलबद्दल त्याने सुचवलेला बदल तिने केलासुद्धा होता.

मी ताट बाजूला सारलं. मला खोटं उघडं पडण्याची भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी वाटलं ते हे, की तिने तिचं हँडल त्याला दाखवलं, मला नाही.

मग मी पळवाटा शोधायला लागलो. म्युझियम दुरुस्तीसाठी बंद आहे असं कळवू. मे महिन्यात आपण पुण्याला जाणार आहोत असं सांगू. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही सांगा बाबा. मी खोटा बोलणार नाही, आणि तुमच्या वतीने खरा पण सांगणार नाही." तिची मराठी तशीच आहे, पण त्या दिवशी तिच्या बोलण्यात मला दुरुस्त करण्यासारखं काही दिसलं नाही.

मी कळवलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत मे आला.

कॉव्हेंट्री स्टेशनवर मी आणि मुलगी त्यांना घ्यायला गेलो. त्याची बायको बुटकी, हसरी, हातात आमच्यासाठी कॉफीची पाकिटं. तो बॉयलर सूटशिवाय जरा लहान दिसत होता. आधी कॅथीड्रल बघितलं. बाँबने भग्न झालेल्या जुन्या भिंती आणि शेजारी नवीन इमारत, दोन्हींच्या मधे त्याची बायको खूप वेळ उभी राहिली. माझी बायको तिथे आम्हाला येऊन भेटली आणि त्या दोघी मार्केटकडे गेल्या. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, आता तुझं वर्कशॉप.

मी गाडी चालवली. तो पुढे माझ्या शेजारी, मुलगी मागे. दहा मिनिटांचा रस्ता. मी ठरवलं होतं की वाटेत सांगायचं, आणि प्रत्येक सिग्नलला ठरवत होतो की पुढच्या सिग्नलला सांगू. शेवटी आम्ही पोचलोच. मी गाडी पार्क केली, इंजिन बंद केलं. समोर सुपरमार्केट. ट्रॉल्यांची रांग. पलीकडे नव्या घरांची वसाहत.

"इथेच होती," मी म्हणालो. "त्यांनी पाडली. मी तुमच्याशी खोटं बोललो."

मी वाट बघत होतो की तो विचारेल, का? त्याला काय उत्तर द्यायचं ते मी तयार करून ठेवलं होतं, आणि त्यात मत्सर हा शब्द नव्हता. पण त्याने ते विचारलंच नाही. त्याने सीटबेल्ट सोडला.

"तुझा लेथ कुठे होता?" त्याने विचारलं.

मला कळेना. तो म्हणाला, दाखव ना मला. आम्ही खाली उतरलो. पाडताना त्यांनी रस्त्याकडेचा गेटचा एक विटांचा खांब तेवढा ठेवला होता, का ते माहीत नाही. मी त्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो. गेटपासून टूलरूमच्या दारापर्यंतची पावलं मला मोजायची गरज कधीच पडली नव्हती, पाय आपोआप जायचे. मी तसाच चालायला लागलो. वाटेत पार्क केलेल्या गाड्या येत होत्या, त्यांना वळसा घालून पुन्हा ओळीत यायचं. ऑटोमॅटिक दारातून आत, फळं-भाज्या ओलांडून, पावाच्या शेल्फांमधून, आणि मग मी थांबलो. कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचे डबे होते तिथे.

"इथे," मी म्हणालो. "साधारण इथे."

तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, लेथसमोर उभे राहतो तसा, पाय जरा फाकवून. उजेड कुठून यायचा, त्याने विचारलं. मी वर बोट दाखवलं. उत्तरेकडून, छताला तिरक्या काचा होत्या. पाठीमागे कोण असायचं? मी सांगितलं, मिलिंग मशिनवर एक आयरिश माणूस होता, तो दिवसभर शीळ घालायचा. एक बाई ट्रॉली घेऊन आली, आम्ही बाजूला झालो, तिने मांजरीचं खाणं घेतलं, आम्ही परत जागेवर आलो. दुकानातल्या एका मुलीने येऊन विचारलं, काही शोधताय का? नाही, आम्ही म्हणालो.

आमची मुलगी मागे शेल्फला टेकून उभी होती. तिने वही काढली. "बाबा, स्लिप गेजचा पेटी कुठे ठेवायचे तुम्ही?" तिने विचारलं. "डाव्या हाताला की उजव्या?"

मी तिच्या प्रश्नांना किती वेळ उत्तरं दिली ते आठवत नाही. एवढं आठवतं की पाडलं त्या तीन दिवसांचंही मी तिथेच सांगून टाकलं, फ्लास्कसकट. आणि हेही आठवतं की इतकं सगळं होत असताना माझ्या मनात एक कुसळ होतंच. हे प्रश्न आधी त्याने विचारले. तिने त्याच्यामागून.

घरी बायकोने बटाटेवडे केले होते. त्याने चार खाल्ले. मग चहाच्या वेळी तो त्याच्या वर्कशॉपबद्दल बोलायला लागला, कोणी विचारलं नसताना. म्हणाला, आम्ही आता तिथे पितळेची एक छोटी भिंगरी बनवतो. गेली सहा वर्षं तीच. लोक बघतात, टाळ्या वाजवतात, काही जण घेऊन जातात, उरलेल्या खोक्यात टाकतो. पूर्वी मी जे बनवायचो त्याची पुढच्या मशिनवर कोणीतरी वाट बघत असायचं. आता माझी वाट बघतात ती कॉफी प्यायला आलेली माणसं. असं बोलून तो जरा हसला, आणि त्याच्या बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो. मला समाधान वाटलं. त्याच्याकडे सगळंच नाही हे कळून आतला चक एक आटा ढिला झाला. मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. निदान माझ्या मत्सराबद्दल मी त्याला सांगायला हवं होतं. त्याने ते आधीच ओळखलं होतं की काय, कोण जाणे. स्टेशनवर निरोप घेताना त्याने माझा हात बराच वेळ धरून ठेवला आणि एवढंच म्हणाला की तुझी मुलगी चांगले प्रश्न विचारते. हो, मी म्हणालो, विचारते.

त्या उन्हाळ्यात मुलीने माझ्या सांगण्यावरून आमच्या टूलरूमचं एक मोठं ड्रॉइंग केलं. वरून बघितल्यासारखं, प्रत्येक मशीन, कपाटं, खिडक्या, आयरिश माणसाचं स्टूलसुद्धा. तिने ते एकाच ईमेलने दोघांना पाठवलं, मला आणि त्याला. मी तोवर लायब्ररीच्या कोर्सला जाऊन ईमेल शिकलो होतो. दुसऱ्या दिवशी उघडून बघतो तर त्याचं उत्तर आधीच आलेलं, भलंमोठं, कौतुकाने भरलेलं. आता काय लिहायचं उरलं, मला वाटलं. चिडून मी ते ड्रॉइंग प्रिंट केलं आणि टेबलावर पसरून बघत बसलो, भिंगसुद्धा घेतलं.

टूलरूममधल्या सामानाच्या स्टोअरचं दार तिने चुकीच्या भिंतीला काढलं होतं. ते आत उघडायचं, बाहेर नाही, आणि डावीकडे होतं. हे त्याला कळणं शक्यच नव्हतं. मी लगेच लंडनला फोन लावला. ती ऑफिसात होती, कामात होती, पण म्हणाली, थांबा बाबा, पेन्सिल घेते. मी तिला दार नीट जागेवर नेऊन दिलं. मग त्या दारामागे काय होतं ते तिने विचारलं, आणि मी खुर्ची ओढून बसलो.